बाल्टिक अंबर आणि लेकरांचं पदवीदान: सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझी लेक पोलंडमध्ये ग्दान्स्कला सहा वर्षं मेडिकल शिकली. तिच्या पदवीदानाला आम्ही दोघं कोल्हापुराहून गेलो आणि येताना अंबरच्या माळा घेऊन आलो. फोटो ग्रुपवर टाकले आणि तेव्हापासून मेसेज थांबलेच नाहीत. काही मेसेज मुलं तिकडे शिकतायत अशा आयांचे, काही नुसती माळ आवडलेल्या मैत्रिणींचे, आणि एक-दोन तर "हे बेकायदेशीर आहे ना गं" असे घाबरलेले. तेच तेच परत टाइप करण्यापेक्षा सगळं इथे एका जागी लिहून ठेवते.

१. अंबर म्हणजे नक्की काय? दगड आहे का?

दगड नाही. झाडाची राळ आहे, म्हणजे झाडाला जखम झाली की जो चिकट डिंकासारखा पदार्थ बाहेर येतो तो, फक्त कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडला जाऊन टणक झालेला. बाल्टिक समुद्राच्या बाजूचं अंबर साधारण चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांतलं आहे. हातात घेतलं की पहिली गोष्ट कळते ती म्हणजे वजनच नाही. माझी माळ चांगली बोराएवढ्या मण्यांची आहे पण गळ्यात आहे की नाही हेच विसरायला होतं, आणि काचेसारखी गार लागत नाही, कोमट लागते. कठीणपणात साधारण नखाइतकंच, म्हणून ओरखडे पटकन पडतात (निगा कशी घ्यायची ते प्रश्न १७ मध्ये).

२. मराठीत याला शब्द आहे का? अंबर म्हणजे तर आकाश ना?

आहे, आणि फार सुंदर आहे: तृणमणी. तृण म्हणजे गवत. लोकरीवर किंवा केसांवर घासलं की हा मणी गवताच्या काड्या, कागदाचे कपटे ओढून घेतो म्हणून तृणमणी. फारसीतला कहरुबा हा शब्द पण तोच अर्थ सांगतो, काडी ओढून नेणारा. ग्रीक लोक याला इलेक्ट्रॉन म्हणायचे, आणि १६०० साली विल्यम गिल्बर्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरने या ओढण्याच्या गुणाला त्यावरूनच लॅटिन शब्द पाडला, त्यातून पुढे इलेक्ट्रिसिटी आलं. म्हणजे आपण महावितरणचं बिल भरतो त्या शब्दाच्या मुळाशी हा मणी आहे! लेकीने मला हे सांगितलं तेव्हा मी तिथेच माळ शालीवर घासून कागदाचे तुकडे उचलून बघितले होते.

आता अंबर. संस्कृतातलं अंबर म्हणजे आकाश किंवा वस्त्र, पीतांबर, दिगंबर यातलं. आणि या मण्याचं अंबर हे अरबी अन्बर वरून आलंय. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, योगायोगाने सारखे ऐकू येतात एवढंच.

३. अंबर म्हणजे व्हेल माशाची उलटी ना? ती बाळगली तर पोलीस पकडतात असं पेपरात येतं!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि घाबरणं साहजिक आहे. पेपरात येते ती व्हेल माशाची उलटी म्हणजे अंबरग्रीस, ती पूर्णपणे वेगळी वस्तू. स्पर्म व्हेलच्या आतड्यात, त्याने खाल्लेल्या माकुळांच्या टणक चोचींभोवती तयार होणारा मेणचट पदार्थ. (उलटी म्हणतात खरं, पण बहुतेक अभ्यासकांच्या मते तो मागच्या वाटेने बाहेर पडतो.) अत्तरात वापरतात. स्पर्म व्हेलला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आपल्याकडे अंबरग्रीस बाळगणं, विकणं गुन्हा आहे आणि कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यात त्याच्या केसेस होत असतात.

घोळ नावामुळे झाला. अरबीत अन्बर म्हणजे मुळात हे अत्तरवालंच. युरोपात तो शब्द गेला, समुद्रकिनाऱ्यावर दोन्ही गोष्टी सापडायच्या, दोन्ही जाळल्या की वास येतो, मग दोघांना एकच नाव पडलं. पुढे फ्रेंचांनी राखाडी अंबर आणि पिवळं अंबर असा फरक केला, अंबरग्रीस म्हणजे राखाडी अंबर. आपली माळ पिवळ्या अंबरची, झाडाच्या राळेची, ती बिनधास्त घाला.

४. पदवीदानाला अंबर द्यायची तिकडे रीत आहे का? म्हणजे द्यायलाच लागतं का?

नाही, कुठलाही नियम नाही. विद्यापीठ देत नाही, समारंभात त्याचं काही स्थान नाही. ग्दान्स्क हे शेकडो वर्षं अंबर कारागिरांचं गाव, त्यामुळे तिथून काही आठवण न्यायची म्हटलं की अंबरच नेतात, जसं आपल्याकडे कोल्हापुरात आलेला पाहुणा साज आणि चप्पल बघितल्याशिवाय जात नाही. आई-वडील मुलांना देतात, मुलं आईला देतात, आमच्याकडे उलटंच झालं, लेकीने पार्टटाइम कामाच्या पैशातून मला घेतली.

कुणी विकणारा "ही इथली प्राचीन ग्रॅज्युएशनची परंपरा आहे" म्हणाला तर त्यावर जास्तीचे पैसे देऊ नका.

५. पोलंडमधलं पदवीदान कसं असतं? आम्ही काय घालायचं, काय न्यायचं?

गंभीर आणि देखणं असतं. मुलं काळा गाऊन (तिकडे तोगा म्हणतात) आणि चौकोनी टोपी घालतात, ती टोपी म्हणजे बिरेट. रेक्टर, म्हणजे आपले कुलगुरू, त्यांच्या खांद्यावर पांढरी फर, गळ्यात जाड साखळी आणि पुढे राजदंड घेऊन चालणारा माणूस. सगळे उभे राहून गाऊदेआमुस हे लॅटिन गाणं म्हणतात, ते ऐकताना शब्द एक कळत नव्हता तरी माझ्या अंगावर काटा आला. मेडिकलच्या मुलांची डॉक्टरकीची शपथ असते, आणि आपलं पोर इतक्या मुलांत उभं राहून ती शपथ म्हणताना ऐकणं, काय सांगू, सहा वर्षांचे सगळे व्हिडिओ कॉल, कर्जाचे हप्ते, तिची पहिली थंडी, सगळं एकदम समोर येतं.

मी इरकल नेसले होते, कुणाला खटकलं नाही, उलट फोटो मागितले. थंडीचे दिवस असतील तर आतून थर्मल घाला म्हणजे झालं. फुलं न्या, तिकडे शिक्षकांना आणि पदवी घेणाऱ्याला फुलं देतातच, पण मोजून न्या: फुलांची संख्या विषम हवी. सम संख्येची फुलं तिकडे अंत्यविधीला नेतात. आपण आहेर १०१, ५०१ करतो तसंच समजा म्हणजे विसरणार नाही.

आणि कोल्हापूरकर असाल तर कुणी विचारलं की वळिवडे जरूर सांगा. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बायका-मुलंच जास्त, १९४३ ते १९४८ आपल्या वळिवड्याच्या कॅम्पात राहिले, तिथे त्यांच्या मुलांच्या शाळा होत्या. त्यांची मुलं आपल्याकडे शिकली, आता आपली तिकडे शिकतायत, मला तरी हे फार मोठं वाटतं.

६. तिकडे बारावीच्या मुलांचं पण काहीतरी मोठं फंक्शन असतं ना? भाची बारावीला आहे तिकडे, फोटो बघून कळेना.

ते स्तुद्न्युव्का. स्तो म्हणजे शंभर, द्न्यी म्हणजे दिवस. बारावीसारखी जी त्यांची मोठी परीक्षा, मातुरा, ती मे महिन्यात असते आणि तिच्या साधारण शंभर दिवस आधी, जानेवारी-फेब्रुवारीत हा नाच असतो. सुरुवात पोलोनेझने, जोड्या जोड्यांनी हळू चालत करायचा जुना नाच, त्याची प्रॅक्टिस महिनाभर चालते. त्या रात्री आत काहीतरी लाल घालायचं आणि तेच परत परीक्षेला घालायचं म्हणजे नशीब साथ देतं, आणि तिथून परीक्षा संपेपर्यंत केस कापायचे नाहीत, असा समज आहे. आपल्याकडे पेपरला जाताना दही-साखर हातावर ठेवतो ना, त्याच जातीतलं. मे महिन्यात हॉर्स चेस्टनटची झाडं फुलली की पोलिश माणूस म्हणतो मातुरा आली.

७. लिथुआनिया, लाटवियामध्ये पण असंच आहे का?

लिथुआनियात शंभर दिवस आधीचाच कार्यक्रम आहे, शिम्तादिएनिस, पण तिथे अकरावीची मुलं बारावीच्यांसाठी सगळं बसवतात. लाटवियात झेतोनू वाकार्स असतो, बारावीच्या मुलांना शाळेचं चिन्ह असलेली अंगठी किंवा पिन देतात आणि मुलं नाटक नाहीतर स्वतः केलेला सिनेमा दाखवतात. त्या अंगठ्या लोक पुढे वर्षानुवर्षं बोटात घालतात. बाकी फुलं वगैरे प्रश्न ५ सारखंच.

८. टोपीचा गोंडा इकडून तिकडे करतात आणि टोप्या उडवतात ते काय?

ते मूळ अमेरिकेतलं. पदवी मिळायच्या आधी गोंडा उजवीकडे, मिळाल्यावर डावीकडे. टोप्या उडवायची सुरुवात १९१२ मध्ये अमेरिकन नेव्हल अकॅडमीत झाली असं सांगतात, मुलांना लगेच ऑफिसरची टोपी मिळणार होती मग जुनी कशाला, म्हणून हवेत फेकली. आता पोलंडमध्ये पण फोटोसाठी उडवतात. टोपीला टोकं असतात, लहान पोरं जवळ असतील तर मागे घ्या.

९. आपल्याकडे अशी परंपरा नव्हतीच का, की गाऊन-टोपी सगळं इंग्रजांकडूनच?

गाऊन इंग्रजांकडूनच. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, त्याच्यासोबत तो आला, आणि अलीकडे बऱ्याच विद्यापीठांनी तो सोडून कुर्ता-उपरणं आणलंय. पण शिक्षण संपल्याचा विधी आपल्याकडे फार जुना आहे, समावर्तन, आणि मराठीत तर त्याला घरगुती शब्द आहे: सोडमुंज. मुंजीत बांधलेली मेखला सोडायची, आंघोळ करून नवीन कपडे घालायचे आणि घरी परतायचं. आता सोडमुंज मुंजीच्याच मांडवात किंवा लग्नाच्या आदल्या दिवशी उरकतात. तैत्तिरीय उपनिषदातलं "सत्यं वद, धर्मं चर" हे गुरूने निघालेल्या शिष्याला सांगितलेलंच आहे, आणि आजही कित्येक दीक्षांत समारंभात ते म्हणतात.

१०. खरं अंबर कसं ओळखायचं? घरच्या घरी जमेल का?

बऱ्यापैकी जमतं. आधी आमचं काय झालं ते सांगते. पहिल्याच दिवशी घाईत एका टपरीवरून मी बहिणीसाठी इलास्टिकचं ब्रेसलेट घेतलं, विकणाऱ्याने लायटर काढून एक मणी भाजून दाखवला, वास आला, मी विश्वास ठेवला. संध्याकाळी लेकीच्या खोलीवर तिने काचेचा ग्लास घेतला, कोमट पाणी, त्यात सात-आठ चमचे मीठ घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळत राहिली. मग स्वतःच्या जुन्या माळेचा एक सुटा मणी टाकला, तो खाली जाऊन सावकाश वर आला आणि तरंगला. माझ्या ब्रेसलेटचा दोरा कापून एक मणी टाकला, सरळ तळाला. दुसरा टाकला, तोही. आम्ही दोघी ग्लासाकडे बघत बसलो. त्याने भाजला होता तो मणी त्याच्या खिशातला होता, माझ्या ब्रेसलेटमधला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

तर मिठाचं पाणी ही पहिली टेस्ट. अंबर साध्या पाण्यात बुडतं आणि खाऱ्यात तरंगतं, काच आणि बरीचशी प्लॅस्टिकं बुडतात. पण काही प्लॅस्टिक तरंगतं, म्हणून एवढ्यावर थांबू नका. आणि चांदीत बसवलेलं पेंडंट असेल तर ही टेस्ट उपयोगाचीच नाही, धातूच खाली ओढतो.

दुसरी, यूव्ही टॉर्च, नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसली. अंधारात खरं अंबर निळसर-पांढरं चमकतं.

तिसरी, नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब मागच्या बाजूला. अंबरला फारसं काही होत नाही. कोपल म्हणून एक प्रकार मिळतो, ती पण झाडाची राळच पण कोवळी, अजून अंबर न झालेली, ती या थेंबाने चिकट होते. कोपल मिठाच्या पाण्यात तरंगतं, दिसतं पण अगदी तसंच, म्हणून ही टेस्ट महत्त्वाची.

घासून कागद ओढणं (प्रश्न २) मजेसाठी ठीक आहे, टेस्ट म्हणून नाही, प्लॅस्टिकचा कंगवा पण ओढतोच. तापलेली सुई टोचायला सांगतात, त्याने चांगला मणी कायमचा खराब होतो, करू नका. शंभर टक्के खात्री लॅबमध्येच, इन्फ्रारेड टेस्टने.

११. दुकानदार म्हणतो "जेन्युइन अंबर", मग ते नॅचरलच झालं ना?

इथेच फसगत होते, आणि ही फसगत मिठाच्या पाण्याने पकडता येत नाही. ग्दान्स्कमध्ये १९९६ पासून अंबरवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, त्यांनी चार प्रकार केलेत. पहिलं नैसर्गिक, म्हणजे फक्त कापून-घासून पॉलिश केलेलं. दुसरं सुधारलेलं, म्हणजे उष्णता किंवा दाब देऊन रंग, पारदर्शकपणा बदललेला. तिसरं दाबून केलेलं, बारीक तुकडे-भुगा तापवून, दाबून त्याची एक वडी केलेली. चौथं जोडलेलं, दोन-तीन तुकडे चिकटवून. चारही "अंबर" आहेतच, त्यामुळे जेन्युइन म्हणणारा खोटं बोलत नाही, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

मला दाबलेलं किंवा तापवलेलं घेण्यात काहीच कमी वाटत नाही, दिसायला छान असतं, बजेटमध्ये बसतं. फक्त जे आहे ते नाव लावून विकलं पाहिजे आणि त्याच नावाचे पैसे घेतले पाहिजेत. म्हणून विचारताना "खरं आहे का" असं विचारू नका, "चारपैकी कुठलं" असं विचारा आणि बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला जो कचरतो तिथून उठायचं. आत गोल गोल चमकत्या चकत्या दिसतात, माशाच्या खवल्यांसारख्या, त्या बहुतेक वेळा तापवल्याने आलेल्या असतात, सुंदर असतात, पण तो दुसरा प्रकार झाला.

१२. आत किडा असलेलं मिळतं का? आणि त्यातून डायनासोर खरंच परत आणता येतील का?

किडा असलेलं मिळतं, महाग असतं, आणि त्यातच नकलीपणा सगळ्यात जास्त. खऱ्यात बहुतेक बारीक चिलटं, मुंग्या, कोळी असतात, पंख वाकडे, पाय दुमडलेले, कारण बिचारा जीव चिकटलेला सुटायला धडपडत होता. मधोमध ऐटीत पंख पसरून बसलेली मोठी माशी किंवा विंचू दिसला की शंका घ्या.

डायनासोरचं म्हणाल तर नाही. डीएनए इतकी वर्षं टिकत नाही. आणि डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, बाल्टिक अंबर त्याच्या खूप नंतरचं, त्यामुळे त्यातल्या डासाने डायनासोर बघितलेला पण नाही. म्यानमारच्या अंबरमध्ये मात्र, जे सुमारे ९.९ कोटी वर्षं जुनं आहे, २०१६ मध्ये पिसं असलेल्या छोट्या डायनासोरच्या शेपटीचा तुकडा सापडल्याचं जाहीर झालं, तो बाजारात दागिन्यासाठी विकायला ठेवलेला होता.

१३. मग ते म्यानमारचं ऑनलाइन मिळतंय, घेऊ का?

मी घेणार नाही. ते काचिन भागातल्या खाणींतून येतं, तिथे वर्षानुवर्षं लढाई चालू आहे आणि खाणींचा पैसा त्यात जातो, म्हणून २०२० मध्ये जीवाश्म अभ्यासकांच्या मोठ्या संस्थेनेच त्यावर काम करण्याबद्दल सावधगिरीचं पत्र काढलं. पोराच्या आनंदाच्या दिवसाची वस्तू अशी नको.

१४. भारतात अंबर सापडतं का?

सापडतं, आणि आपल्या अगदी शेजारी! गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यात वस्तान, तडकेश्वर इथल्या लिग्नाइट कोळशाच्या खाणींत. पाच कोटी वर्षांहून जुनं. २०१० मध्ये त्यातल्या किड्यांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा असं मानायचे की भारताचा तुकडा आफ्रिकेकडून सुटून आशियाला धडकेपर्यंत समुद्रात एकटा तरंगत होता, त्यामुळे त्यावरचे जीव वेगळेच असणार, पण अंबरमधल्या किड्यांचे नातेवाईक आशियात, इतर ठिकाणी सापडले. अजून एक विशेष म्हणजे हे अंबर पूर्ण टणक झालेलं नाही, ते विरघळवून आतला किडा अख्खा बाहेर काढता येतो. दागिन्यांसाठी मात्र नाही, अभ्यासासाठीच.

१५. पुष्कराजऐवजी अंबर घातलं तर चालेल का? आणि बाळाला दात येताना अंबरची माळ घालतात म्हणे?

नवरत्नांत अंबर नाही. गोमेद पण मधाच्या रंगाचा असतो म्हणून लोक गोंधळतात. मोती आणि प्रवाळ जीवांपासून आलेले असून नवरत्नांत आहेत, तसं हेही असेल असं वाटतं, पण नाही. ज्योतिषातलं तुमच्या गुरुजींना विचारा, माझ्या दृष्टीने ही आवडीची वस्तू आहे.

बाळाचं मात्र हात जोडून सांगते, नको. अंबरमधलं सक्सिनिक ॲसिड अंगाच्या उष्णतेने बाहेर येऊन दुखणं कमी होतं असं विकणारे सांगतात, त्याला पुरावा नाही. आणि गळ्याला फास बसण्याचा, मणी तुटून घशात अडकण्याचा धोका खरा आहे, अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये या माळांबद्दल इशारा दिला, झोपेत माळेचा फास बसून दीड वर्षाचं एक बाळ गेलं होतं. गिफ्ट आली असेल तर आईने घालावी.

१६. मुलीचं नाव अंबर ठेवायचंय. आमच्याकडे म्हणतात हे तर मुलाचं नाव, आणि शिवाय मलिक अंबर... नक्की कुठलं अंबर?

तीन अंबर आहेत, तुम्ही कुठल्या अर्थाने ठेवता ते तुम्ही ठरवा. आकाश अर्थाने आपल्याकडे मुलांचंच नाव जास्त. इंग्रजीत ॲम्बर हे मुलीचं, या मण्यावरून. लिथुआनियात मण्याला गिन्तारास म्हणतात आणि तेच मुलाचं नाव, मुलगी असेल तर गिन्तारे. लाटवियात द्झिन्तार्स आणि द्झिन्त्रा. लेकीच्या वर्गात एक गिन्तारे होती, तिनेच युराते देवीची गोष्ट सांगितली: समुद्राखाली अंबरच्या महालात राहणारी युराते कास्तितिस नावाच्या कोळ्याच्या प्रेमात पडली, विजेचा देव पेर्कुनास चिडला, वीज टाकून महालाचे तुकडे केले, आणि वादळानंतर किनाऱ्यावर येतात ते तेच तुकडे. तृणमणी आणि वीज, दोघं इथे पण एकत्र आले बघा.

मलिक अंबरचं अंबर हे अरबी, अत्तराचं (प्रश्न ३). साधारण १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला, चापू नावाचा मुलगा, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमध्ये एका मालकाने त्याला अंबर नाव दिलं. गुलामांना अशी मौल्यवान वस्तूंची नावं द्यायची पद्धत होती, याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर. माणसाला विकत घ्यायचं आणि अत्तराचं नाव द्यायचं, हे वाचल्यावर मला बरेच दिवस त्रास झाला. पण त्याच नावाने त्याने निजामशाही तोलून धरली, खडकी वसवलं, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि त्या शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरी बांधली. नाव त्याचं स्वतःचं झालं. मुलीला ठेवताय तर यात कमीपणाचं काही नाही.

जयपूरचा आमेर किल्ला इंग्रजीत अंबरसारखा लिहितात, त्याचा या मण्याशी संबंध नाही.

१७. निगा कशी राखायची? माझं पेंडंट मंद झालंय.

आधी परफ्यूम, हेअरस्प्रे, मग पाच मिनिटांनी माळ. उलटं केलं की चमक जाते, तुमचंही बहुधा हेच झालं असणार. सोन्या-चांदीसारखं रिठ्याच्या पाण्यात उकळू नका, टूथपेस्टने घासू नका, सराफाच्या मशीनमध्ये तर अजिबात टाकू देऊ नका. कोमट पाण्यात मऊ कापड भिजवून पुसायचं, कोरडं करायचं, झालं. सुती पिशवीत वेगळं ठेवा, बाकीच्या दागिन्यांबरोबर घासतं. उन्हात, गॅसजवळ नको. वर्षानुवर्षांनी रंग थोडा गडद होतो, तो दोष नाही.

माळ परत ओवून घेताना पटवेकऱ्याला सांगा की प्रत्येक मण्यानंतर गाठ हवी, मोत्यांसारखी. मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एकच मणी सांडतो.

१८. ग्दान्स्कच्या किनाऱ्यावर आपणच वेचलं तर?

वादळानंतर सकाळी लवकर लोक जातात, शेवाळ आणि काटक्यांच्या रेषेत बारीक तुकडे सापडतात, आम्हाला मसुराएवढे दोन सापडले, ते मी डबीत ठेवलेत. एक धोका मात्र नीट वाचा. बाल्टिकच्या काही किनाऱ्यांवर, जर्मनीत उझेडोम, लाटवियात लिएपाया, महायुद्धातल्या बॉम्बमधलं पांढरं फॉस्फरस वाहून येतं आणि ते दिसायला हुबेहूब अंबरच्या खड्यासारखं. ओलं असेपर्यंत शांत, खिशात ठेवलं, वाळलं, अंगाच्या उबेने पेटलं, आणि पाण्याने विझवलं तरी वाळल्यावर परत पेट घेतं. म्हणून वेचलेलं खिशात कधीच टाकायचं नाही, झाकणाच्या धातूच्या डबीत टाकायचं आणि वाळू द्यायचं.

१९. मुलासाठी काय घ्यावं? तो माळ कशाला घालेल.

कफलिंक्स, टायपिन, किंवा नुसता पॉलिश न केलेला कच्चा तुकडा, टेबलावर ठेवायला. मुलांना कच्चाच जास्त आवडतो असा माझा अनुभव आहे. ग्दान्स्कमध्ये वेळ असेल तर त्याला घेऊन आधी ग्रेट मिलमधलं अंबर म्युझियम बघा, २०२१ पासून ते तिथे आहे, आणि मग मारियात्स्का गल्लीत जा. बघून गेलं की डोळा तयार होतो.

२०. वस्तू आधीच आणलीय पण मुलाची एटीकेटी लागली, पदवी एक वर्ष लांबली. आता देऊ की ठेवू?

हा मेसेज मला तीन वेगवेगळ्या आयांकडून आलाय. माझ्या भाच्याचं असंच झालं होतं, शेवटच्या वर्षाला दोन विषय राहिले, आणि मी त्याच्यासाठी आणलेला कच्चा तुकडा कपाटात ठेवून दिला होता, पास झाला की देऊ म्हणून. मग गणपतीत तो घरी आला, कुणाशी बोलेना, जेवताना मान खाली. मी तो तुकडा काढून त्याच्या हातात दिला, म्हटलं घास शर्टवर. त्याने घासला, वहीचा कपटा उचलला गेला, तो हसला. तो तुकडा त्याने कंपासमध्ये टाकला आणि दोन्ही पेपरना बरोबर नेला. देऊन टाका. पदवीला वेगळं काही आणता येईल.